चर्चेचा सूर आणि सुराची मालकी

आमच्या तालुक्याच्या गावी एक अभ्यासमंडळ आहे. शिक्षक, महाविद्यालयातील विद्यार्थी, दोन-तीन जुने पँथर, एक वकील, एस. टी.चे दोन कंडक्टर अशी मंडळी दर रविवारी सायंकाळी विहारात जमतात. एक विषय घेतात आणि तो महिना-दोन महिने चालतो. गेल्या वर्षी मंडळाने समाजमाध्यमे हा विषय घेतला. फेसबुक, व्हॉट्सअॅप, यूट्यूब, पूर्वीचे ट्विटर यांनी आपल्या चळवळीचे काय केले, आपल्या भाषेचे काय केले, असा प्रश्न होता. ज्यांना रविवारी येता येत नाही त्यांच्यासाठी मोबाईलवर एक गटही उघडला. गट उघडला त्याच रात्री जो पहिला प्रश्न आला तो समाजमाध्यमांविषयीचा नव्हता. इथे बोलायचे कसे, हा होता. त्यासाठी सात कलमांचे एक पत्रक तयार झाले.

या लेखात मला त्या पत्रकाचे परीक्षण करावयाचे आहे. एका लहान गावातील लहान मंडळाच्या पत्रकासाठी त्रैमासिकाची पाने खर्ची घालावीत काय, असे कोणी विचारील. हेच पत्रक थोड्याफार शब्दांच्या फरकाने आपल्याकडील असंख्य गटांच्या माथ्यावर लावलेले आहे, हे माझे उत्तर. शिवाय ते ज्यांनी लिहिले त्यांत मी होतो.

पहिले कलम : भाषा सभ्य व संयमित असावी. दुसरे : कोणाच्याही भावना दुखावतील असे लिहू नये. तिसरे : जातीवाचक उल्लेख टाळावा. चौथे : राजकारण आणू नये. उरलेली तीन कलमे सकाळच्या शुभेच्छा, जाहिराती आणि रात्री दहानंतरचे संदेश यांच्याविषयी होती. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. खरे तर शुभेच्छांचे कलम अधिक कडक हवे होते.

पंधरा दिवस सर्व सुरळीत चालले. सुरळीत याचा अर्थ, कोणी काही बोलले नाही. सोळाव्या दिवशी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातील एका मुलीने गटात काही मजकूर टाकला. १४ एप्रिलला तिने स्वतः म्हटलेले एक भीमगीत आपल्या पानावर ठेवले होते. त्याखाली अनोळखी माणसांनी जे लिहिले ते तिने जसेच्या तसे उतरवून दिले होते. अकरा नोंदी होत्या. जातीवरून शिव्या होत्या, आरक्षणावरून टोमणे होते, तिच्या रंगाबद्दल आणि शरीराबद्दल लिहिलेले होते. खाली तिने एकच ओळ लिहिली होती : आपण यावर बोलू या.

तासाभरात तो मजकूर काढला गेला. गटात आयाबहिणी आहेत, अशी कोणीतरी हरकत घेतली होती. पहिले कलम मोडले होते, तिसरेही मोडले होते. चालकांनी नियमाप्रमाणे केले आणि मी त्याखाली 'योग्य निर्णय' असे लिहिले. मुलीने विचारले, "सर, शिव्या मी दिल्या का?" कोणी उत्तर दिले नाही. त्या रात्री ती गटातून निघून गेली. पुढच्या रविवारी विहारातही आली नाही.

समाजमाध्यमांनी आपले काय केले याचा अभ्यास करण्यासाठी आम्ही जमलो होतो. त्याचा सर्वांत जिवंत पुरावा एका मुलीने स्वतःच्या अपमानातून उचलून आमच्यापुढे आणून ठेवला आणि आम्ही तो असभ्य म्हणून बाहेर फेकला. यंत्रे असेच करतात. कंपन्यांनी नेमलेली यंत्रे शब्द मोजतात. शिवी देणारा कोण आणि शिवी दाखविणारा कोण, हे त्यांना पुष्कळदा उमगत नाही. आम्ही तर माणसे होतो. त्यातले निम्मे तरी अशा होतो की ज्यांनी शाळेत हे शब्द ऐकलेले आहेत.

सभ्यतेचे कलम आपल्याकडे कोठून आले, हे पाहिले पाहिजे. ते फेसबुकने आणलेले नाही. 'निबंधमाले'त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला तेव्हा त्यांच्या व्याकरणाची आणि भाषेची टवाळी केली. शेतकऱ्याच्या घरात धान्य का उरत नाही, हा जोतीरावांचा प्रश्न बाजूला पडला आणि त्यांची वाक्यरचना चर्चेला आली. पुढे १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण धाडले तेव्हा जोतीरावांनी पत्राने नकार कळविला. त्या पत्राची भाषा आजच्या कोणत्याही गटाच्या पहिल्या कलमात बसणार नाही. पण त्यात एक सरळ हिशेब आहे. जे लोक माणसाचे हक्क माणसाला मोकळ्या मनाने देत नाहीत त्यांच्या सभेशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय आहे. सभेत कसे बोलायचे हे ठरण्याआधी सभा कोणाची हे ठरले पाहिजे, हे त्या नकारामागचे तत्त्व होते.

१९२० च्या जानेवारीत 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला, ही गोष्ट आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. मला त्यातली एक बाब नेहमी खटकते. ती जाहिरात होती. तिच्यात शिवी नव्हती, विद्रोहही नव्हता. म्हणजे असभ्य भाषेचे कारणसुद्धा तेथे नव्हते. ज्यांना बोलू द्यायचे नसते त्यांच्या बाबतीत सूर ही सबब असते; आणि सबब सापडली नाही तरी काम अडत नाही.

परंतु या विषयातील सर्वांत बोलके प्रकरण लाहोरचे आहे, आणि ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आपण 'जातिनिर्मूलन' पुस्तक म्हणून वाचतो, एका रद्द झालेल्या चर्चेचे कागदपत्र म्हणून क्वचितच वाचतो.

लाहोरचे जात-पात तोडक मंडळ हे सुधारकांचे मंडळ होते. सनातन्यांशी त्यांचे भांडण होते. आंतरजातीय विवाह व्हावेत, जात मोडावी, असे ते उघडपणे म्हणत होते. त्यांनी आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांना दिले. अस्पृश्य समाजातील माणसाला सवर्ण सुधारकांनी आपल्या व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून बोलाविणे ही १९३६ साली लहान गोष्ट नव्हती. त्यांचे धाडस मी नाकारीत नाही. भाषण मुंबईत छापले गेले. मंडळाच्या लोकांनी ते वाचले आणि एप्रिलमध्ये पत्रे येऊ लागली. काही भाग गाळावा, वेदांचा उल्लेख त्या रीतीने नसावा, हिंदू म्हणून हे आपले शेवटचे भाषण असा जो निर्देश आहे तो नसावा. भाषण विद्वत्तापूर्ण आहे हे त्यांना मान्य होते. त्यांची अडचण होती ती श्रोत्यांना काय वाटेल याची. बाबासाहेबांनी २७ एप्रिलच्या पत्रात कळविले की स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली. १५ मे १९३६ रोजी त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने पुस्तक म्हणून प्रसिद्ध केले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या.

यात पाहण्यासारखे हे की, मंडळाने बाबासाहेबांचा विषय नाकारला नव्हता. जात मोडावी, हे दोघांनाही मान्य होते. नाकारला तो त्या विषयाचा शेवटपर्यंतचा पाठपुरावा. जातीला आधार धर्मग्रंथांच्या प्रामाण्याचा आहे. तो आधार न काढता सहभोजने घालून जात जाणार नाही, हे भाषणाचे मर्म होते. मंडळाला मर्म वगळून भाषण हवे होते. आजही गटाचे चालक म्हणतात, "तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण मांडणी सौम्य करा." मांडणी सौम्य करताना पहिला जातो तो मुद्दाच. वाक्ये राहतात, विशेषणे राहतात, आभार तर राहतातच.

पण लाहोर प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जुलै १९३६ मध्ये गांधीजींनी 'हरिजन'मधून या पुस्तकावर लिहिले. स्वागतसमितीने भाषण रद्द करून लोकांना ऐकण्यापासून वंचित केले, असा दोष त्यांनी मंडळाला दिला. पुस्तकाची आठ आणे किंमत जास्त आहे, ती दोन आणे, निदान चार आणे करावी, असेही सुचविले. मग वर्णाच्या बाजूने त्यांना जे म्हणायचे होते ते म्हटले. बाबासाहेबांनी पुढे काय केले? १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची ती टीका परिशिष्ट म्हणून छापली आणि तिच्यामागे आपले उत्तर जोडले. ते उत्तर सौम्य नाही. त्यात गांधीजींच्या महात्मेपणालाही सवलत दिलेली नाही. मात्र ज्याला उत्तर द्यायचे त्याचे म्हणणे वाचकाच्या हाती आधी पडते, ते त्याच्याच शब्दांत पडते, आणि बाबासाहेबांच्या पुस्तकाच्या आत पडते.

मला वाटते, चर्चेचा सूर ही गोष्ट इथे नेमकी समजते. बाबासाहेबांची भाषा लाहोरच्या सभ्य सुधारकांपेक्षा कितीतरी धारदार होती. पण प्रतिपक्षाचे बोलणे कापले ते सुधारकांनी, आणि छापले ते बाबासाहेबांनी. चर्चा बिघडविली कोणी आणि जपली कोणी? आवाजाच्या पट्टीवरून याचे उत्तर मिळत नाही. दुसऱ्याच्या वाक्याचे तुम्ही काय करता, यावरून मिळते. समाजमाध्यमांवरची नेहमीची युक्ती याच्या नेमकी उलट आहे. समोरच्याच्या लांब लेखातील दीड ओळ फोटोसारखी उचलायची, मागचे-पुढचे कापायचे आणि आपल्या माणसांपुढे फेकायची. मग तो फोटो हजारो लोक पाहतात आणि मूळ लेख कोणी पाहत नाही. हे काम पूर्ण सभ्य भाषेतही करता येते. पुष्कळदा तसेच केले जाते.

१९७२ चा प्रसंग आपल्या पिढीला जवळचा आहे. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी 'साधना'च्या १५ ऑगस्टच्या अंकात राजा ढाले यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला. दलित स्त्रीच्या विटंबनेला ५० रुपये दंड आणि राष्ट्रीय प्रतीकाच्या अवमानाला ३०० रुपये दंड, हा हिशेब त्यांनी मांडला आणि त्यापुढे जे म्हणायचे ते शिवराळ शब्दांत म्हटले. महाराष्ट्रभर गदारोळ झाला. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीने निषेध केला. राष्ट्रध्वजाची अप्रतिष्ठा, भाषेची अप्रतिष्ठा यांवर रकानेच्या रकाने भरले. ५० आणि ३०० हे आकडे मात्र कोणाला विशेष बोचले नाहीत. त्या वेळी ढाले यांनी तो शब्द वापरला नसता तर आकड्यांवर चर्चा झाली असती, असे आजही काही सज्जन म्हणतात. त्यांना मी एवढेच विचारीन की, तो शब्द न वापरता त्याआधी जे कित्येकांनी अर्ज-विनंत्या लिहिल्या त्यांच्यावर किती रकाने भरले?

हलगी वाजविणारे वाजविण्याआधी तिला विस्तवावर शेकतात. थंड हलगीतून नाद निघत नाही. सतारीच्या मैफलीत बसणाऱ्याला तो विस्तव अनावश्यक वाटतो.

आता समाजमाध्यमांकडे येऊ. तेथे सूर लावणारा एक नवा मालक आहे आणि तो आपल्या दृष्टीला पडत नाही. आपण गटाच्या चालकाशी भांडतो, शिव्या देणाऱ्याशी भांडतो. पण कोणाचे बोलणे किती लोकांपुढे न्यायचे हे ठरविणारे गणित आपल्याला दिसत नाही. २०२१ मध्ये फेसबुकचे अंतर्गत कागद बाहेर आले तेव्हा वृत्तपत्रांनी एक तपशील छापला. २०१७ पासून काही काळ, नुसत्या पसंतीच्या खुणेला एक गुण, तर प्रेम, हसू, दुःख, राग अशा खुणांना पाच गुण असा हिशेब होता. म्हणजे रागाची एक खूण पसंतीच्या पाच खुणांइतकी. जे लिखाण राग उठवील ते अधिक लोकांपुढे जाणार. हा राग कोणाविरुद्ध, अन्यायाविरुद्ध की अन्यायग्रस्ताविरुद्ध, याच्याशी गणिताला कर्तव्य नव्हते. पुढे २०२० मध्ये कंपनीने रागाच्या खुणेची किंमत शून्यावर आणली. तेवढ्या तीन वर्षांत आपल्या देशात किती घरांत किती विष गेले याचा हिशेब कोणी दिला नाही, आणि तो कोणी मागितलाही नाही.

या मालकाला सभ्यतेचे वावडे आहे असे समजू नये. २०१८ च्या नोव्हेंबरात ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी भारतात आले. काही स्त्री-पत्रकार व कार्यकर्त्यांबरोबर त्यांची बैठक झाली आणि त्यांच्या हाती एका दलित कार्यकर्तीने दिलेले भित्तिचित्र आले. ब्राह्मणी पितृसत्ता मोडून काढा, असे त्यावर लिहिले होते. ते चित्र हाती धरलेला त्यांचा फोटो बाहेर पडताच गदारोळ उठला, एका समाजाविरुद्ध द्वेष पसरविल्याचा आरोप झाला, आणि कंपनीने ते आपले मत नव्हे असे सांगून खेद व्यक्त केला. ब्राह्मणी पितृसत्ता हे शब्द शिवी नाहीत. ती इतिहासाच्या अभ्यासातील संज्ञा आहे. उमा चक्रवर्तींनी १९९३ मध्ये तिची मांडणी केली. त्याच्याही आधी, १९१६ च्या आपल्या निबंधात, स्त्रीवरील बंधनांखेरीज जात टिकत नाही हे तरुण आंबेडकरांनी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांच्या आधारे दाखविले होते. एक विश्लेषण शिवीच्या रकान्यात टाकले गेले, आणि त्याच व्यासपीठावर आमच्या मुलींना पडणाऱ्या खऱ्या शिव्या हे 'मत' ठरले.

कंपन्यांच्या नियमावल्यांत आज 'जात' हा शब्द आहे, हे मी विसरत नाही. वंश, धर्म, लिंग यांच्याबरोबर जातीवरून केलेल्या द्वेषालाही फेसबुकने आपल्या नियमांत मज्जाव केला आहे. तो शब्द तेथे आपोआप आलेला नाही. परदेशातील आणि येथील आपल्या लोकांनी त्यासाठी भांडण केलेले आहे. पण नियमात शब्द असणे आणि मराठीतील, अहिराणीतील, वऱ्हाडीतील जातीची शिवी ओळखणारा माणूस तेथे बसलेला असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जातीच्या शिवीला जातीचे नाव लागतेच असे नाही. 'जावई', 'सरकारी पाहुणे', 'कोट्यातले डॉक्टर' हे शब्द कोणत्या यंत्राला सापडणार? २०२५ च्या जानेवारीत तर याच कंपनीने आपले द्वेषविषयक नियम सैल केल्याचे जाहीर केले. मालक पट्टी बदलतो तेव्हा गायकाला विचारीत नाही.

असे असले तरी ही माध्यमे सोडून द्यावीत, असे मी म्हणणार नाही. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडली. मोठी वृत्तपत्रे कित्येक दिवस गप्प होती किंवा भलतेच छापीत होती, तेव्हा आपल्या माणसांनी छायाचित्रे, पत्रके आणि संगणकावरचे निरोप यांतून ती बातमी गावोगाव नेली. जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुलाचे पत्र देशभर वाचले गेले ते याच माध्यमांमुळे. कोणत्या संपादकाने ते तितक्या तातडीने आणि अक्षरशः छापले असते? 'मूकनायक'ला जाहिरातीची जागा न देणाऱ्या जगात ही जागा फुकट मिळाली, हे खोटे नाही. आणि त्या जागेची किंमतही खोटी नाही. २०१५ साली शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. मोबाईलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून भांडण सुरू झाल्याचे वृत्तपत्रांत आले. सुराचा प्रश्न मी अलंकारिक अर्थाने मांडीत नाही, हे यावरून कळावे.

आता आपल्या घरातले. प्रस्थापितांवर इतके लिहून झाल्यावर आपल्या गटांविषयी न लिहिणे हा अप्रामाणिकपणा होईल.

आपल्या गटांत दोन सूर चालतात. एक भक्तीचा आणि दुसरा फितुरी शोधण्याचा. सकाळी बाबासाहेबांचे चित्र, त्याखाली शंभर हात जोडलेले. आणि दुपारी कोणी एखाद्या नेत्याच्या युतीवर प्रश्न विचारला की 'गद्दार', 'विकला गेला', 'तुझी पोटजात कोणती' इथपर्यंत मजल. व्यक्तिपूजेचा धोका बाबासाहेबांनी १९४३ मध्ये रानड्यांवरील व्याख्यानात सांगितला, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत पुन्हा सांगितला. ती भाषणे आपण एकमेकांना पाठवितो. पाठविल्यावर वाचीत नाही. पोटजातीचे गट तर वेगळेच आहेत. तेथे लग्नाची स्थळे जमतात आणि जातिनिर्मूलनाची वाक्येही फिरतात, एकाच दुपारी.

स्त्रियांचे काय? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ मध्ये आले. चळवळीत स्त्रिया नव्हत्या असे नाही, त्यांची नोंद नव्हती, हे त्या पुस्तकाने दाखविले. आमच्या गटात एकशे चाळीस नावे होती. त्यांत स्त्रिया एकतीस. गेल्या सहा महिन्यांत त्यांतल्या किती बोलल्या हे मी मागे जाऊन मोजले. चार. त्यांतली एक ती मुलगी. 'गटात आयाबहिणी आहेत' असे ज्यांनी लिहिले तो पुरुष होता, ज्यांनी काढले ते पुरुष होते, आणि ज्याने 'योग्य निर्णय' लिहिला तो मी. आयाबहिणींना कोणी विचारले नव्हते. नंतर मी माझ्या पत्नीला विचारले. ती म्हणाली, "आम्ही नळावर यापेक्षा वाईट ऐकलंय. तुम्हाला ते वाचवलं नाही, असं म्हणा."

हे खरे आहे. आम्हाला ते वाचवले नाही. शिकून, नोकरी करून, घर बांधून आम्ही त्या शब्दांपासून थोडे दूर आलो आहोत. ते शब्द पुन्हा डोळ्यांपुढे आले की अंगावर जुनी लाज येते, आणि ती लाज आम्ही सभ्यतेच्या कलमाखाली झाकतो. आपल्या मध्यमवर्गाची सभ्यता सदाशिवपेठी सभ्यतेची नक्कल आहे असे सरधोपट म्हणण्याची पद्धत आहे. मला ते अर्धेच पटते. तिच्यात नक्कल आहे, पण जखम झाकण्याची धडपडही आहे. म्हणूनच ती आपल्याच मुलीवर उलटते.

म्हणजे गटात कोणी काहीही बोलावे काय? मुळीच नाही. शिवी हा विद्रोह आहे आणि म्हणून कोणतीही शिवी विद्रोही आहे, असे एक खुळ मध्यंतरी आपल्या कवितेतही होते. ढसाळांच्या 'गोलपिठा'नंतर (१९७२) त्या भाषेच्या कितीतरी नकला झाल्या. त्यांत कामाठीपुरा नव्हता, नुसते शब्द होते. आजच्या गटांतही तसे दिसते. वरच्याला उद्देशून दिलेली म्हणून शिवी सुरू होते आणि तिच्यात नाव कोणाचे असते? कोणाच्या तरी आईचे, बहिणीचे. जी भाषा आपल्याला लागली तीच दुसऱ्याच्या घरातल्या बाईला लावायची, यात नकार कसला? बाबासाहेबांचे लेख पाहा. त्यांत कठोरता आहे, उपहास आहे, पण पुराव्याशिवाय वाक्य नाही. आपण त्यांची कठोरता घेतो आणि पुरावा ठेवून देतो.

मंडळाच्या गेल्या बैठकीत पत्रक पुन्हा चर्चेला घेतले. मी 'योग्य निर्णय' लिहिले ते चूक होते, असे सर्वांपुढे सांगितले. एक ज्येष्ठ पँथर म्हणाले, "तुम्ही मास्तर लोक उशिराच उठता." चर्चा दोन तास चालली आणि बरीच कडू झाली. तिसरे कलम सर्वानुमते रद्द केले. जातीचा उल्लेख टाळून जातीची चर्चा करणारे मंडळ ही मोठीच करमणूक होती. चौथेही गेले. दुसऱ्याचे वाक्य उचलायचे तर आख्खे उचलायचे, हे मी मांडले आणि ते मान्य झाले. कोणाचा मजकूर काढायचा असेल तर आधी त्याला कारण कळवायचे, त्याचे उत्तर गटात ठेवायचे, आणि मगच ठरवायचे, हे वकीलमित्रांनी मांडले. गटातील सदस्याच्या मजकुराची जबाबदारी केवळ चालक म्हणून चालकावर येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे, ही माहितीही त्यांनीच दिली; आमचे चालक त्या भीतीनेही थोडे घाईत होते, असे तेव्हा उघड झाले. चालकपद दर तीन महिन्यांनी बदलावे, यावर मात्र एकमत झाले नाही. पद सोडणे कोणालाही जड जाते, तेही बिनपगारी पद.

एक कंडक्टरमित्र विरोधात होते. त्यांचे म्हणणे असे, "दिवसभर गाडीत लोकांचं ऐकतो. संध्याकाळी मोबाईल उघडला की परत तेच ऐकायचं का? एक जागा तरी शांत असू द्या." हा मुद्दा मला खोडता आला नाही. अपमान पाहण्याची सक्तीही कोणावर असू नये. शेवटी असे ठरले की, असा मजकूर देणाऱ्याने वर एक ओळ लिहून सूचना द्यावी, म्हणजे ज्याला वाचायचे त्याने उघडून वाचावे. हा तोडगा पुरेसा आहे असे मी म्हणत नाही.

पहिल्या कलमाच्या जागी काय लिहायचे, ते ठरले नाही. ती जागा कोरी ठेवून पत्रक त्या मुलीकडे पाठविले आहे, सोबत तिच्या अकरा नोंदी परत मागितल्या आहेत, आणि गटाने तिची माफी मागितल्याचे पत्र आहे. पत्र तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने नेऊन दिले. हा मजकूर छपाईला देईपर्यंत तिचे उत्तर आलेले नव्हते.